गणपतीला आलात की एक सकाळ सड्यावर द्या

सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि मुंबईकर मंडळींना आपल्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा नमस्कार.

विषय आपल्या सड्याचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या कातळ-पठाराचा आहे. थोडा लाजेचाही आहे, म्हणून तेवढं आधीच सांगून टाकतो. पंचायतीच्या कपाटात 'लोक जैवविविधता नोंदवही' नावाचं एक बाड आहे. चकचकीत कव्हर, आत तक्ते, शेवटी सह्या आणि शिक्के. यंदाच्या मे महिन्यात आम्ही सातही जणांनी ते पहिल्यांदा पानापानाने वाचलं. त्यात लिहिलंय की आपल्या गावात मालदांडी ज्वारी पिकते. आपल्या कुठल्या आज्या-पणज्याने ज्वारी पेरली होती, हे कुणाला ठाऊक असेल तर कृपया कळवा! पाटणी, वालय या आपल्या भातांचा मात्र उल्लेख नाही. सड्याच्या वाट्याला एकच ओळ आलीय : 'पडीक कातळ.'

हे कसं झालं? जैवविविधता कायदा आला 2002 मध्ये. वर चेन्नईला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण, मधे नागपूरला राज्याचं जैवविविधता मंडळ आणि खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत आमच्यासारखी समिती, अशी त्याची उतरंड. गावात काय उगवतं, काय चरतं, काय उडतं आणि लोकांना त्याबद्दल काय माहीत आहे, हे गावानेच लिहून ठेवायचं. कल्पना चांगली, पण वर्षानुवर्षं हललं काहीच नाही. मग 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातली : 31 जानेवारी 2020 पर्यंत नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर राज्याला महिन्याला 10 लाख रुपये भरावे लागतील. झालं, धावपळ सुरू. आपल्यालाही एक तयार वही मिळाली, घाटावरच्या कुठल्यातरी गावाची, वरचं नाव बदललेली. करून देणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. न वाचता सही आपणच केली.

आता वही नव्याने लिहायचीय आणि सुरुवात सड्यापासून करायचीय. कारण सातबाऱ्यावर तो पोटखराब, वहीत तो पडीक. उद्या कुणी विचारलं की इथे काय आहे, तर सरकारदरबारी उत्तर एकच : काही नाही. चिरेखाणीसाठी विचारणा होऊन गेलीय, सुरुंग लावून खड्डे पाडायचे आणि बाहेरची माती भरून आंब्या-काजूची कलमं लावायची, असंही कुणाच्या मनात आहे. आमचा चिऱ्याला विरोध नाही. आपली घरं चिऱ्याचीच आहेत, कलमांवर तर निम्मं गाव जगतं. पण आहे काय हे माहीत नसताना खणायला द्यायचं नाही, एवढंच म्हणणं आहे.

आणि आहे ते थोडंथोडकं नाही. जूनच्या पहिल्या सरींनंतर दीपकाडी फुलते. पांढरी, वाऱ्यावर डुलणारी, कोकणातल्या सड्यांपलीकडे जवळपास कुठे न सापडणारी. मग गेंद, मग सीतेची आसवं, आणि गणपतीच्या सुमारास सगळा कातळ निळाजांभळा. सगळ्यात भारी गोष्ट मात्र उभ्याने दिसत नाही. ओल्या कातळावर पालथं पडायचं आणि नाक जमिनीला टेकवायचं. रुपयाच्या नाण्याएवढं लालसर रोप दिसेल, प्रत्येक पानावर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. हा दवबिंदू. जुलैत आम्ही पाहिला तेव्हा एक चिलट त्यात रुतलं होतं आणि पान हळूहळू त्याच्यावर मिटत होतं. कातळावर माती जेमतेम बोटाच्या पेरभर, तिच्यात नत्र जवळजवळ नाहीच. मग हे रोप किडे खाऊन ती कसर भरून काढतं. सीतेची आसवंही त्याच पंथातली. नाजूक दिसतात, पण खाली पाण्यात त्यांच्या बारीक पिशव्या असतात, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत त्या सूक्ष्म जीव ओढून घेतात.

साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरून 2016 मध्ये सरड्याची एक नवी जात नोंदली गेली. गळ्याखाली पंखा उघडणारा सरडा. शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला नाव काय दिलं? 'सरडा'! आपलाच शब्द जसाच्या तसा उचलला. कोकणातली कातळशिल्पंही सड्यांवरचीच, आणि 2022 मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. आपल्या सड्यावर अजून एकही सापडलेलं नाही. पण पश्चिमेकडच्या टेपावर गवताखाली नीट पाहिलंय कुणी?

फुलं राहू द्या, पाण्याचं ऐका. जांभा वरून कठीण, आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र. पाऊस त्याच्यात मुरतो, खाली शेडीच्या, म्हणजे चिकण मातीच्या थरावर अडतो आणि कुशीतून झऱ्याने बाहेर पडतो. खालच्या वाडीची विहीर त्याच्यावर चालते. सडा खणून काढला की पाणी मुरणार कुठे, हा हिशोब वाडीतल्या बायकांना कुणी समजावून सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये हंडे त्याच वाहतात.

कायद्यात 'जैवविविधता वारसा स्थळ' अशी सोय आहे. स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून राज्य सरकार ते जाहीर करतं. सिंधुदुर्गात अशी दोन स्थळं आहेत : बांबर्डे इथली रानटी जायफळाची दलदल आणि आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाची जागा, जिथे 2020 मध्ये माशाची नवी जात नोंदली गेली. दोन्ही जेमतेम दोन-अडीच हेक्टरांच्या. म्हणजे जागा लहान आहे म्हणून कुणी हसत नाही, नोंद पक्की लागते.

ग्रामसभेत एक शंका निघाली : असं काही जाहीर झालं तर गुरं चारायला, गवत कापायला बंदी येईल का? नाही. लोकांच्या चालत आलेल्या वापरावर, त्यांनी स्वतःहून ठरवल्याशिवाय, निर्बंध येत नाहीत, हे मार्गदर्शक सूचनांतच आहे. आमचं मत विचाराल तर गुरं चरायलाच हवीत. शिमग्याच्या सुमारास लावले जाणारे वणवे मात्र थांबायला हवेत.

आता मागणं. सगळ्यात आधी म्हाताऱ्या माणसांचा वेळ. भारंगी कुठे, फोडशी कुठल्या बांधाला, अळंबी कुठल्या नक्षत्रात, हे आमच्या वयाच्या माणसांना धड सांगता येत नाही. ज्यांच्याकडे झाडपाल्याची औषधं आहेत त्यांनी औषध सांगू नये, झाडाचं नाव तेवढं सांगावं. कृती वहीत जाणार नाही, आमचा शब्द आहे. शिकलेल्या पोरांनी फोटो काढावेत, तारीख-जागा टिपावी, आजीच्या तोंडचं नाव जसंच्या तसं लिहावं. तिने म्हटलेलं नाव 'शुद्ध' करू नये.

मुंबईकरांकडे एक वेगळं मागणं आहे. सड्याचा बराच भाग सामाईक आहे. एकेका सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं, त्यातली निम्मी विरार-डोंबिवलीला. सहहिस्सेदारांच्या लेखी संमतीशिवाय वारसा स्थळाचा प्रस्ताव पुढे सरकवायचा नाही, असं आम्ही ठरवलंय. संमती देऊ नये असं वाटलं तरी या, समोर बसून सांगा. भाऊबंदकीचे जुने वाद या कागदात आणू नयेत, ही हात जोडून विनंती.

आणि पैसे. अभ्यासकांच्या चार ऋतूंतल्या चार फेऱ्या, त्यांचा प्रवास, जेवणखाण : 40,000 रुपये. हद्दीची शासकीय मोजणी : 60,000. पर्जन्यमापक, छपाई, किरकोळ : 20,000. एकूण 1,20,000, त्यातले 25,000 ग्रामपंचायत देतेय. उरलेले 95,000 आपण सगळ्यांनी मिळून उभे करायचेत. 50 रुपये दिलेत तरी पावती मिळेल. पावतीशिवाय कुणाच्याही हातात पैसे देऊ नका, आमच्यापैकी कुणाच्याही नाही. जमाखर्च दर महिन्याला पंचायतीच्या फलकावर लागेल.

रोपं मात्र नकोत. एका सद्गृहस्थांनी सड्यावर लावायला 500 रोपं देऊ केली होती, आम्ही नम्रपणे नाही म्हटलं आणि ते रागावले. सडा उघडा आहे तो झाडं तोडल्यामुळे नव्हे, त्याची जातच ती. सावली पडली की दवबिंदू गेला.

गणेश चतुर्थीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला पाखाडीच्या तोंडाशी जमू. साडेदहापर्यंत परत, म्हणजे आरती-नैवेद्याची खोटी होणार नाही. कातळ शेवाळलेला असतो, पकड असलेली पादत्राणं घाला. छत्री वाऱ्यात टिकत नाही, इरलं असेल तर उत्तम. पन्नाशीच्या पुढच्यांनी वाचायचा चष्मा विसरू नये, त्याशिवाय दवबिंदू दिसत नाही.

आपली,
जैवविविधता व्यवस्थापन समिती