काकूंना बरोबर ने

पुणे,
१४ जुलै

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "डायलिसिस सुरू झालंच आहे, आता डाएटिशियनकडे कशाला? चार्ट व्हॉट्सॲपवर आलाय." मी तेव्हा स्वारगेटच्या गर्दीत उभा होतो, धड बोलता आलं नाही. म्हणून बसून लिहितोय. आमच्या घरी जे झालं ते काकांच्या बाबतीत होऊ नये.

बाबांच्या किडनीचं कळलं तेव्हा पहिल्या हॉस्पिटलात एक झेरॉक्स कागद हातात ठेवला होता. ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल. यातलं आमच्या स्वयंपाकघरात कधी आलंच नाही. आईने त्यातली एकच ओळ धरून ठेवली: 'डाळी, कडधान्ये, पनीर कमी'. तेव्हा ते बरोबरही होतं. डायलिसिसच्या आधी किडनीवरचा भार हलका राहावा म्हणून प्रथिनं आवरती घेतात. पण डायलिसिस सुरू झालं की हे उलटं होतं, कारण रक्त साफ होताना प्रथिनांचे घटकही निघून जातात. आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही. आई पाच महिने बाबांच्या पानात वरणाऐवजी वरचं पाणी वाढत राहिली, आणि तेही किती जपून. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

काट्यावर वजन तेवढंच दिसायचं, म्हणून आम्ही निर्धास्त. मांस झडत होतं आणि त्याची जागा अंगात साठलेलं पाणी घेत होतं. नंतर सेंटर बदललं. तिथल्या डाएटिशियन मॅडम पहिल्याच दिवशी बाबांच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या. फाईल नंतर उघडली, आधी त्यांनी बाबांचं मनगट हातात घेतलं. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात होता, तरी घड्याळ कोपराकडे घसरत होतं. मग कानशिलं बघितली, पकड मोजायचं यंत्र दाबायला दिलं. आणि आईकडे वळून विचारलं, "काल सकाळपासून काय काय खाणं झालं, सगळं सांगा. वाटी केवढी आहे तुमची?" आईने हाताने वाटीचा आकार दाखवला. दुसऱ्या खेपेला त्यांनी ती वाटीच मागवली आणि पाणी ओतून मोजली.

बाबांचं वजन ५८ किलो. किलोमागे साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. हे नुसत्या डाळीतून भरायला गेलं तर रक्तात पोटॅशियम आणि फॉस्फरस चढतात. अंड्याच्या पांढऱ्यात मात्र प्रथिनं भरपूर आणि फॉस्फरस अगदी थोडा. आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. मॅडमनी आग्रह केला नाही, फक्त आईला दोन्हीतला फरक समजावला. चौथ्या दिवशी आईने गॅलरीत वेगळी शेगडी मांडली, वेगळं पातेलं घेतलं आणि तीन अंडी उकडली. पंचाहत्तर वर्षांची बाई, बाळ्या! कुठल्या छापील कागदानं हे झालं असतं?

बाकीचं पटापट सांगतो. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या, ते पाणी टाकून द्यायचं म्हणजे पोटॅशियम त्यातून जातं, मग फोडणी. डॉक्टरांनी लिहून दिलेली, जेवणातला फॉस्फरस अडवणारी गोळी जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायची. बाबा ती बाकीच्या गोळ्यांबरोबर झोपताना घेत होते, म्हणजे जवळजवळ फुकट. 'कमी सोडियमचं' म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, ते घरात असेल तर आजच बाहेर काढ. आणि शहाळं! आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना पहिलं शहाळंच घेतात. त्यात पोटॅशियम इतकं असतं की डायलिसिसवरच्या माणसाच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे सगळं बाबांचं गणित आहे. काकांना साखरही आहे, त्यांचं वेगळं निघेल. म्हणूनच माझ्या पत्रावर जाऊ नकोस, समोर बसून विचार.

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास आम्ही तिथे असतो, त्यामुळे मॅडमशी गप्पा होतात. शनिवारी त्या पर्वतीच्या पायथ्याला जनता वसाहतीत जातात. अंगणवाडीच्या ताईंनी एका पोराच्या दंडाला पट्टी लावली तर लाल रंग आला, म्हणजे दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, पोर फारच कुपोषित. ताईंनी त्याला आधी डॉक्टरकडे धाडलं. मॅडम नंतर घरी गेल्या. घरात डाळ होती, तांदूळ होता. पण पोराची भूक चहात बुडवलेल्या खारीवरच मरायची, तीही दिवसातून चार वेळा. त्यांनी आजीला खारी बंद करा असं म्हटलं नाही. जेवणाआधीचा चहा तेवढा जेवणाच्या वेळेपासून लांब सरकवला आणि मऊ भातावर तेलाची धार धरायला लावली.

तू शाळेत पोरांच्या पोषण आहाराला रोज तांदूळ मोजून देतोस, म्हणून एक मुद्दाम लिहितो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळाच्या वजनाचा संबंध एकूण कॅलरींशी लागला नाही. पालेभाज्या, फळं आणि दूध जिच्या पानात जास्त वेळा होतं, तिचं बाळ भरलेलं निघालं. आता पोट भरलं का एवढं विचारून माझं समाधान होत नाही. कशानं भरलं, तेही विचारतो.

तेव्हा गुरुवारी काका डायलिसिसला गेले की डाएटिशियनची वेळ घेच. तू एकटा जाऊ नकोस, काकूंना ने. रांधतात त्या, तू नाही. त्यांची रोजची वाटी आणि तेलाचा चमचा पिशवीत टाक. पोटॅशियम, फॉस्फरसचे शेवटचे दोन रिपोर्ट घे. मॅडम घाईत वाटल्या तर पुढची वेळ माग, पण कागद घेऊन परत फिरू नकोस.

बाबांची पकड मागच्या महिन्यापेक्षा वाढली आहे. घड्याळ अजून सैलच आहे. मी रविवारी सकाळच्या गाडीने साताऱ्याला येतोय, दुपारी जेवायला थांबेन. काकूंना सांग, काकांसाठी जे करतील तेच मलाही वाढा.

तुझा,
अभ्या