ते चित्त्याचं तुलाच सांगतो

प्रिय बाळ्या,

आठ महिने झाले ना रे. फोन नाही, मेसेज नाही, चिमीच्या बारावीच्या निकालालाही नुसता अंगठा टाकला. शिव्या घालायच्या त्या आत्ताच घालून घे आणि मग पुढे वाच. तब्येत बरी आहे, शुगर आहे तिथेच, आईचा गुडघाही तसाच.

तर मी केनियाला जाऊन आलो. हो, मसाई मारा. ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळच्या टपरीवर आपण ठरवलेलं, पन्नाशीच्या आत दोघांनी जायचं, ते मी हिच्यासोबत आणि मेहुण्याच्या ग्रुपसोबत उरकून आलो. तुला विचारायला पाहिजे हे बुकिंग करतानाच कळत होतं, म्हणूनच विचारलं नाही.

तयारीचं काय सांगू, तिकडे २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी, त्यामुळे हिने चकल्या, चिवडा, मेतकूट सगळं स्टीलच्या डब्यांत भरलं आणि बॅग उचलताना माझी कंबर गेली. यलो फीव्हरची सुई दहा दिवस आधी टोचून घेतली, तो पिवळा कागद मेहुणा पासपोर्टपेक्षा जास्त जपत होता. नैरोबीहून रिफ्ट व्हॅलीचा घाट उतरायचा, मग नारोक, मग खड्डे. स्वाहिलीत गाडीला गारी, पैशाला पेसा, दुनियेला दुनियाच म्हणतात. आणि सफारी म्हणजे नुसता प्रवास. आपण ताडोबात एवढी कॉलर ताठ करून सफारी सफारी करायचो, यांच्याकडे एसटीने सासरवाडीला जाणं पण सफारीच!

आणि प्राणी किती दिसावेत याला काही मर्यादा? पहिल्या सकाळी अकरा सिंह. ना चितळाचा कॉल, ना पगमार्क, ना श्वास रोखून बसणं. मेळघाटात बुद्धपौर्णिमेला रात्रभर मचाणावर बसून आपण एक अस्वल पाहिलं होतं आणि उरलेली रात्र मी तुझं घोरणं ऐकलं होतं (तू अजूनही नाकबूल करतोस), तरी त्या अस्वलावर आपण वर्षभर बोलत होतो. इथे तिसऱ्या दिवशी लोक ‘परत सिंहच का’ म्हणायला लागले. विल्डबीस्ट, म्हणजे तिकडची ती गाईसारखी मोठी हरणं, मारा नदी ओलांडताना बघायला तीन तास थांबलो. हजारोंचा कळप काठापर्यंत आला, एकाने मान फिरवली आणि सगळे परत. आमच्या सोसायटीची मीटिंग आठवली.

आता मुद्द्याचं. चौथ्या दिवशी रेडिओवर ‘दुमा, दुमा’ सुरू झालं. दुमा म्हणजे चित्ता, एवढं तोवर आम्हाला पाठ झालं होतं. वारुळावर मादी बसलेली, तीन पिल्लं, समोर लांब गवतात एक गॅझेल, आपल्या चिंकाऱ्यासारखं हरिण, चरतंय. नियम असा की एका प्राण्याजवळ पाचच गाड्या, बाकीच्यांनी लांब थांबायचं, आणि रस्ता सोडून गवतात घुसायचं नाही. आमचा नंबर आठवा-नववा असेल. ड्रायव्हरने, त्याला आम्ही रफिकी म्हणायचो, इंजिन बंद केलं. आणि बाळ्या, कोण बोललं माहितीये? मेहुणा नाही, ती लांबलचक लेन्सवाली मंडळी पण नाही. मी. म्हणालो, रफिकी थोडं पुढे घे ना, आम्ही बघून घेऊ तुझं. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडी गवतात घातली. आमच्या मागून आणखी चार गाड्या घुसल्या. गॅझेलने शेपटी हलवली आणि ते सुटलं. मादी उठली होती, परत खाली बसली. पिल्लं चिवचिव करत होती, खरंच पाखरासारखा आवाज असतो त्यांचा. आमच्याकडे तिने ढुंकून पण बघितलं नाही.

मग रेंजर आला, रफिकीशी काहीतरी बोलला, गाडीचा नंबर लिहून घेतला.

तुला २०११ आठवलं असेलच. ताडोबातली पांढरपौनी, वाघिणीला अकरा जिप्सींनी घेरलेलं आणि तू आपली जिप्सी मागे वळवायला लावलीस. मी सगळ्यांसमोर ओरडलो होतो, पैसे तुझ्या बापाने भरलेत का. दोन महिने बोललो नाही आपण. दंड कुणी भरला, गाइडवर काय कारवाई झाली हे तू नंतर विचारत बसायचास, तेव्हा मला वाटायचं हा उगाच संत होतोय.

त्या रात्री तंबूत फोनवर शोधत बसलो. माराबद्दल २०१८ चा एक अभ्यास सापडला: पर्यटकांची गर्दी जास्त त्या भागात मादीचं एका वेतातलं सरासरी ०.२ पिल्लू मोठं होतं, गर्दी कमी तिथे २.३. ०.२ पिल्लू म्हणजे काय रे, एक शेपूट? हिला वाचून दाखवलं तर म्हणाली, एवढे पैसे भरून आलोय, झोप आता. माझ्या व्हिडिओला फॅमिली ग्रुपवर बदामांचा पाऊस पडला, मेहुण्याने तर स्टेटसला ठेवलाय. तू बघितला असशील तर आवाज बंद करून बघ, मीच ‘पुढे, पुढे’ म्हणतोय.

रफिकीला विचारलं, दंड झाला का? ‘हाकुना शिदा’, काही प्रॉब्लेम नाही. निघताना जास्तीचे पैसे दिले, त्याने ते न मोजता खिशात घातले. टिप होती, भरपाई होती की माझी झोप विकत घेत होतो, मलाच कळेना. आल्यावर मेसेज केला, तर वाढदिवसाला केक पाठवतात तसं हत्तीचं चित्र आलं. उत्तर नाही.

टूरवाल्यांचा फीडबॅक फॉर्म आलाय, तीन आठवडे तसाच पडलाय. ड्रायव्हर कसा होता, एक ते पाच. चूक माझी होती असं लिहिलं तर तिकडे कुणाला माहीत नसलेलं माहीत होईल आणि त्याचंच काम जाईल. पाच स्टार देऊन गप्प बसलो तर तो नंबर लिहिलेला कागद त्याच्या एकट्याच्या नावावर राहील. तुझं निम्मं आयुष्य गाइड आणि जिप्सीवाल्यांत गेलंय, हे आतून कसं चालतं ते तुला माहीत. तू असतास तर गाडी वळवली असतीस हे मलाही माहीत आहे, तेवढं सांगू नकोस. फॉर्मचं सांग.

चिमीचं कुठे ठरलं, इंजिनिअरिंग की तेच कीटकांचं खूळ? वहिनींच्या शाळेची बदली झाली का? घर रंगवणार होतास त्याचं काय? सविस्तर लिही, मी वाचतो, खरंच.

तुझ्यासाठी केनियाचा चहा आणला होता. अर्धा आम्हीच संपवला, उरलेला पाठवतो.

तुझा,
नान्या