वेंधळी नव्हे, एडीएचडी

संपादक महोदय,

माझी धाकटी बहीण ३८ वर्षांची, डिचोलीला दिलेली. लहानपणापासून घरात तिला सगळे वेंधळीच म्हणायचो. चवथीला माटोळीचं सामान आणायला गेली की अर्धं विसरून यायची, दूध गॅसवर ठेवून भलत्याच कामात गुंतायची, लाइटचं बिल तारीख उलटल्यावर पर्समध्ये सापडायचं आणि मग रात्री एकटी रडत बसायची, हे आम्हाला फार उशिरा कळलं. गेल्या वर्षी तिच्या मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि कामं नीट पार पाडणं कठीण करणारी मेंदूच्या वाढीतली अडचण, निघाला, डॉक्टरांचे प्रश्न ऐकता ऐकता तीच म्हणाली, अगो हे तर सगळं माझंच!

मुली बऱ्याचदा दंगा करत नाहीत, नुसत्या खिडकीबाहेर बघत बसतात, म्हणून शाळेत कुणाच्या लक्षातच येत नाही. मोठेपणी एन्झायटी, डिप्रेशन एवढंच निदान होतं आणि मूळ तसंच राहतं. एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, बहिणीच्या तपासणीत तिचं जुनं प्रगतिपुस्तक तिथे कामाला आलं, 'हुशार आहे पण लक्ष नसते' असा शेरा दरवर्षी. आता गोळी चालू आहे, काउन्सेलिंग आहे, फोनवर अलार्म आणि फ्रिजवर मोठी यादी, आणि यादी बघायचं काम भावोजींनीही वाटून घेतलंय, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मानसोपचार इस्पितळाची ओपीडी आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे. आपल्या पेपरात यावर एखाद्या डॉक्टरांचा सविस्तर लेख यावा ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, फोंडा