लंडनमधला स्वातंत्र्यदिन टॉवर ब्रिजपुरताच का?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑगस्टमधल्या जोडून आलेल्या सुट्या साधून युरोपची सहल करणारे नाशिककर आता पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेकांना १५ ऑगस्ट लंडनमध्ये गाठतो. गेल्या वर्षी आम्हालाही गाठला. सकाळी हॉटेलच्या न्याहारीच्या दालनात सहल व्यवस्थापकांनी प्रत्येकाच्या हाती कागदी तिरंगा दिला आणि आम्ही राष्ट्रगीत म्हटले. शेजारच्या टेबलावरचे अनोळखी परदेशी पाहुणेही तेवढा वेळ काटे-चमचे खाली ठेवून उभे राहिले, हे मुद्दाम नोंदवतो. त्यानंतर टॉवर ब्रिजसमोर घोषणा झाल्या, छायाचित्रे झाली आणि बस मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयाकडे वळली. बस सुटताना काही झेंडे बाकावर आणि फरसबंदीवर तसेच पडून होते. कागदी झेंडे कार्यक्रमानंतर जमिनीवर टाकू नयेत, असे २००२ च्या ध्वजसंहितेत स्पष्ट असताना, आणि वाटणाऱ्यांनीच ते परत गोळा करणे सहज शक्य असताना, ही हेळसांड व्हायला नको होती.

माझे खरे गाऱ्हाणे मात्र कार्यक्रमपत्रिकेबद्दल आहे. ज्या शहरात नाशिकच्या इतिहासाची निम्मी पाने उलगडली, तिथे जाऊन नाशिककरांना त्यातले काहीच दाखवले जात नाही. हायगेट भागातील ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू या घरात श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी ‘इंडिया हाउस’ सुरू केले आणि पुढच्याच वर्षी भगूरचे विनायक सावरकर तिथे राहायला गेले. १० मे १९०८ रोजी तिथल्या तरुणांनी १८५७ च्या उठावाचा स्मृतिदिन साजरा केला, तोही साम्राज्याच्या राजधानीत! लंडनहून गुप्तपणे आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एकाने २१ डिसेंबर १९०९ ला आपल्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि तीन महिन्यांच्या आत सावरकरांना व्हिक्टोरिया स्थानकावर अटक झाली. त्या स्थानकातून आमचा गट सामानासह घाईघाईने गेला, पण कोणी एक वाक्यही सांगितले नाही.

दुसरे घर प्रिमरोज हिलजवळचे, १०, किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकत असताना तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतले आणि आता ते स्मारक आहे. आंबेडकरांचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि येवल्याची धर्मांतराची घोषणा ज्या जिल्ह्यात झाली, तिथल्या प्रवाशांना हे घर ठाऊक नसावे, याचे नवल वाटते. सावरकर आणि आंबेडकर यांचे विचार अनेक बाबतींत वेगळे होते, हे उघड आहे, पण म्हणून सहलीने एकाची निवड करून दुसऱ्याला वगळण्याचे कारण नाही. दोन्ही घरे पाहावीत आणि वाद हवा तर बसमध्ये घालावा.

यासाठी फार खटपटही नाही. भुयारी रेल्वेच्या चॉक फार्म स्थानकावरून किंग हेन्रीज रोडला चालत जाता येते आणि परत येऊन कॅम्डेन टाउनला गाडी बदलली की त्याच नॉर्दर्न लाइनने आर्चवे वा हायगेट गाठता येते. अर्धा दिवस पुरतो. क्रॉमवेल अव्हेन्यूचे घर मात्र खासगी आहे, तिथे आज लोक राहतात. तेव्हा घोषणा न देता रस्त्यावरूनच भिंतीवरचा स्मृतिफलक पाहावा, दाराची घंटा वाजवू नये. सकाळच्या ध्वजवंदनासाठी भारतीय उच्चायुक्तालयाकडे वेळ आणि जागेची आगाऊ चौकशी करणे, हे सहल कंपनीचे काम आहे, प्रवाशांचे नव्हे.

नाशिकच्या सहल आयोजकांनी पुढील हंगामाची माहितीपत्रके छापण्याआधी १५ ऑगस्टच्या दिवसात हा बदल करावा आणि प्रवाशांनीही पैसे भरण्याआधी त्याची लेखी विचारणा करावी, ही विनंती.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक