वाळूचा हिशेब समुद्राकडे मागू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'राक्षसी लाटांनी किनारा गिळला' हा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. उत्तरपत्रिकांतून समुद्राची बरीच बदनामी तपासली, पण ती पोरं निदान पाच गुणांसाठी लिहायची.

लेखकमहाशय कोकण फिरून आलेत, हे छायाचित्रांवरून कळतं. हरिहरेश्वर मात्र त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यात नेऊन ठेवलंय. ते रायगडात, श्रीवर्धन तालुक्यात आहे. लाटांनी अजून तरी ते हलवलेलं नाही. तिथल्या प्रदक्षिणेच्या वाटेवर कातळाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे, तिला ते 'लाटांची नक्षी' म्हणतात. लाट तिथे खारं पाणी उडवते, एवढंच. पुढचं काम मिठाचं. पाणी दगडाच्या छिद्रांत सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण कण सुटतो. याला विदारण म्हणतात, नववीच्या मुलालाही विचारा. लाटेची खरी मेहनत खाली पायथ्याशी असते. फटीत कोंडलेली हवा लाट आदळली की दबते, लाट सरली की उसळून बाहेर पडते, शिवाय गोटे घासत राहतात. कडा मागे मागे हटतो आणि पुढ्यात सपाट मंच उरतो, ज्यावर उभं राहून आपले लोक भरतीची वेळ न बघता सेल्फी काढतात. आपल्या ब्रह्मगिरीचा, अंजनेरीचा कातळही याच जातीचा. तो कांद्यासारखे पापुद्रे सोडत झिजतो. नाशिकच्या पोरांना एकदा लासलगावचा कांदा सोलून दाखवला की जन्मात विसरत नाहीत.

पण कातळ हजारो वर्षांच्या हिशेबाने झिजतो आणि वाळू एका रात्रीत जाते. लेखात दोन्ही एकाच कढईत टाकलंय.

माझं माहेर दापोली तालुक्यातलं. समुद्राला लागून आमचं आगर, म्हणजे नारळाची बाग. आजोबा म्हणायचे, "आषाढात नेतो, मार्गशीर्षात आणून टाकतो." पावसाळ्यातल्या उंच, लागोपाठ येणाऱ्या लाटा पुळणीवरची, म्हणजे किनाऱ्याच्या रेताड पट्ट्यावरची, वाळू ओढून पाण्याखालच्या दांड्यात ठेवतात आणि दिवाळीनंतरच्या शांत लाटा तीच थोडी थोडी परत लोटतात. श्रावणात उघड्या पडलेल्या ज्या दगडांवर आम्ही उड्या मारायचो, ते मे महिन्यात शोधूनही सापडायचे नाहीत. कोणी त्याला राक्षस म्हणत नव्हतं.

मग शेजारचं आगर विकलं गेलं. घेणाऱ्याने जुना गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचा बांध, काढून समुद्राच्या बाजूने पुरुषभर उंच काँक्रीटची भिंत घातली. आत हिरवळ, छत्र्या, खुर्च्या. भावाने आधी हात जोडले, मग अर्ज केले. "तुम्हीपण बांधा की," हे उत्तर मिळालं. उताराच्या पुळणीवर लाट पसरते आणि दमते. उभ्या भिंतीवर आपटली की जोरात परत फिरते आणि पायथ्याची वाळू उपसून नेते. भिंत जिथे संपते तिथून वळसा घालून ती शेजाऱ्याच्या जमिनीत शिरते. शेजारी म्हणजे माझा भाऊ. चार पावसाळ्यांत अकरा नारळ गेले, सगळे बाणवली जातीचे, आजीच्या हातचे. पहिला पडला तेव्हा वहिनीने रात्री फोन केला होता. पाचव्यानंतर तिने फोन करणं सोडलं. आता भाऊ म्हणतो, कर्ज काढून आपणही भिंत घालू. मी नको म्हणते, कारण मग पलीकडच्यांचं आगर जाईल आणि त्यांच्याशी आमचा तीन पिढ्यांचा घरोबा. पण नाशिकमध्ये बसून नको म्हणायला माझं काय जातं?

लेखात भिंतींवर एक ओळ आहे. तीही 'आणखी मजबूत बंधारे हवेत' अशी!

आकड्यांचंही तेच. देशाचा ३३.६ टक्के किनारा धुपतोय, हे खरं. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळासाठी तसं मांडलंय. पण २६.९ टक्के किनारा वाढलाय, हेही त्याच अभ्यासात आहे. ते छापलं असतं तर समुद्र नुसता गिळत नाही, इकडचं तिकडे नेऊन ठेवतोही, हे वाचकांना कळलं असतं. मथळ्याचं मात्र नुकसान झालं असतं.

कालच्या पत्रांत एका वाचकांनी विचारलंय, नाशिकच्या आवृत्तीत समुद्र कशाला? त्यांनी एकदा नांदूरमध्यमेश्वरला जावं. आपण कौतुकाने पक्षी बघतो, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मिरवतो, ते सगळं गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळावर उभं आहे. तो गाळ समुद्राकडे निघाला होता. अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर असताना गोदामाई त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तिथला त्रिभुज प्रदेश तिने आणलेल्या गाळाचाच. आता गंगापूर, जायकवाडी आणि खालची सगळी धरणं गाळ अडवून बसलीत आणि तिकडे मुखाशी जमीन धुपतेय. आंध्रातल्या कोळ्याच्या अंगणाशी आपला संबंध नाही, असं निदान गोदाकाठी राहणाऱ्याने तरी म्हणू नये.

जाता जाता, मागे रात्री आमच्या रस्त्यावरून धावणाऱ्या वाळूच्या डंपरांबद्दल मी पत्र पाठवलं होतं. आपण त्यातले डंपर वगळलेत आणि 'नाशिकची हवा पूर्वी आल्हाददायक होती' एवढंच छापलंत. जागेची अडचण मी समजू शकते. यावेळी काही कापायचंच असेल तर कांदा कापा, नारळ राहू द्या.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक