वाळलेलं पान जपलंत, ताई

ताई,

आमच्या जुन्या अल्बममधले चिकटलेले फोटो सोडवून स्कॅन करण्याच्या कामाचे पैसे तुम्ही घेतलेत, पावती दिलीत, व्यवहार मिटला. पण परत आलेल्या खोक्यात एक पाकीट निघालं, त्याचा पावतीत उल्लेख नव्हता. त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं: 'पृष्ठ १४, खालचा डावा कोपरा'. आत दोन आम्लविरहित कागदांच्या मधे झाडाचं वाळलेलं पान. हे जाहीर पत्र त्या पाकिटासाठी.

पानगळ लागली की अल्बम कपाटातून बाहेर येतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दिवस लहान होतात, माणसं लवकर घरात येतात, बाहेर भिजलेल्या पाचोळ्याचा वास असतो. वासाची वाट मेंदूतल्या आठवणींच्या आणि भावनांच्या भागांकडे फार जवळून जाते. म्हणून आधी घराची ओढ लागते, आणि कशाची आठवण झाली ते मागाहून कळतं. अशा संध्याकाळी अल्बम उघडतो आणि नेमका तेव्हाच फाटतो, कारण फोटोच्या मागे काय लिहिलंय ते प्रत्येकाला बघायचं असतं.

चिकट पृष्ठांचे, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले ते अल्बम म्हणजे सापळाच. गोंद वर्षानुवर्षं कडक होत जातो. कोपरा धरून ओढलं की कागद दुमडतो, वरचा चित्राचा थर तडकतो. तुमच्याआधी ज्यांच्या हाती हा अल्बम पडला त्यांनी हेअर ड्रायर पूर्ण गरम करून असंच ओढलं. गोंद वितळून आणखी पसरला, फोटोंना कायमचा बाक आला. वर 'सुधारलेल्या' प्रतींत मागची भिंत, खिडकीची चौकट, दारातल्या चपला पुसून गुळगुळीत निळा पडदा लावला. चेहरेही यंत्रानं इतके धारदार केले की आजीच्या जागी कोणी परकी बाई बसलेली. घराची आठवण काढायला बसलेल्या माणसाला घरच खोडून दिलं, आणि त्याचं बिल लावलं!

तुमची पद्धत इथे लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आधी प्रत्येक पृष्ठ जसंच्या तसं, वरून सरळ कॅमेरा धरून टिपायचं. कोणता फोटो कशाशेजारी होता हीसुद्धा माहितीच असते. मग दात साफ करायचा दोरा, मेण न लावलेला, फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवून करवतीसारखा हळूहळू पुढे न्यायचा. दोरा अडला की थांबायचं. तरीही सुटला नाही, तर फोटो पृष्ठावरच स्कॅन करायचा आणि भोवतीचा पुठ्ठा कापून तसाच ठेवायचा. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके घेऊन, स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. त्याची टिफ, म्हणजे तपशील न गाळता साठवणारी, फाइल साधारण २५ एमबीची होते. मूळ प्रत तीच. जेपेग फक्त पाठवायला, कारण बदल करून पुन्हापुन्हा सेव्ह केलं की दर वेळी थोडा तपशील गळतो. अंधारात राहिलेल्या बऱ्याच जुन्या रंगीत फोटोंतला निळसर-हिरवा रंग आधी उडतो, म्हणून सगळे लालसर दिसतात. ती दुरुस्ती स्कॅनवर करायची, मूळ कागदाला हात लावायचा नाही. नावं मागे मऊ पेन्सिलीनं लिहायची. मागची बाजू प्लास्टिकसारखी गुळगुळीत असेल तर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा नाव पाकिटावर. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

आता ते पान. दुसऱ्या कुणीही ते केराच्या टोपलीत टाकलं असतं, आणि त्यात चूक म्हणावं असंही फारसं नाही, कारण वाळलेलं पान फोटोला अपायच करतं. त्यातली आम्लं आणि टॅनिन कागदात उतरतात आणि पानाच्याच आकाराचा तपकिरी डाग पडतो. म्हणजे ते बाजूला काढणं भागच होतं. तुम्ही काढलंत, पण त्याची जागा लिहून ठेवलीत, दोन्ही बाजूंनी स्कॅन केलंत. लॅमिनेशन केलं नाहीत हे तर फार बरं केलंत. उष्णतेनं पान काळवंडलं असतं आणि पुन्हा कधी सुटलं नसतं. पानाचा लाल रंग उजेडात झपाट्यानं उडतो म्हणून पाकीट बंद ठेवा, हेही कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंत. आणि फोटोवरचा तो डाग? एका प्रतीत घालवलात, दुसरीत राहू दिलात. पान कुणी ठेवलं, का ठेवलं, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नव्हतं. तुम्ही विचारलंही नाहीत. कुणीतरी मुद्दाम ठेवलंय, एवढं तुम्हाला पुरलं.

दुसऱ्याच्या वस्तूपुढे असं जरा बिचकणारी माणसं आता कमी भेटतात. आत्मविश्वास सगळ्यांकडे भरपूर आहे. पण जे परत जोडता येणार नाही ते आधी तोडायचं नाही, एवढी सभ्यता कारागिरात असली की अल्बम सोपवताना छातीत धडधडत नाही.

पुढचं काम घेऊन येतोच आहोत. चौकटीतला एक फोटो ओल लागून काचेला चिकटलाय. घरात सगळ्यांना ताकीद दिली आहे: ओढायचा नाही, पाण्यात बुडवायचा नाही, काचेसकट न्यायचा. काचेवरूनच स्कॅन करायचा की आणखी काही करता येईल, ते तुम्ही ठरवा.

तुमचे ऋणी,
पृष्ठ १४ वाले