बॉलपेनने लिहिलेला ई-मेल

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शाळेत मराठी टंकलेखन शिकवणे व कच्च्या लेखनाला गुण देणे

महोदय,

दहावीच्या मराठीच्या पेपरात उपयोजित लेखनाखाली पत्र लिहायला असतं. अभ्यासक्रम बदलला तेव्हा या पत्राला ई-मेलचा साचा आला. सगळा मजकूर डाव्या समासाला लावायचा आणि शेवटी नाव-पत्त्याखाली ई-मेल आयडी द्यायचा. आमची मुलं हे सगळं इमानेइतबारे करतात, निळ्या बॉलपेनने. आयडी बहुधा ‘एबीसी ॲट एक्सवायझेड डॉट कॉम’ असतो. यातली बरीचशी मुलं मराठीत एकही खराखुरा ई-मेल न लिहिता शाळा सोडतात.

मुलं टाइप करत नाहीत असं मात्र नाही. मोबाइलवर दिवसभर बोटं चालू असतात, पण इंग्रजी अक्षरांतून. ‘केएएमएएल’ दाबलं की आधी ‘कमल’ येतं. ‘कमळ’ हवं असेल तर वरच्या पट्टीत शोधावं लागतं, तेवढा धीर कुणाला? ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच, जे आधी दिसेल ते बरोबर. काही जण तर सरळ बोलूनच लिहितात. सहलीचा एक वृत्तांत माझ्याकडे असाच आला. दीड पान मजकूर आणि पूर्णविराम एकही नाही! बस सुटल्यापासून डबा खाईपर्यंत एकच वाक्य. पोरगा बोलतो फक्कड, गोष्ट रंगवून सांगतो. वाक्य कुठे थांबवायचं, परिच्छेद कुठे मोडायचा, हे मात्र त्याने कधी करून पाहिलेलं नाही.

आता निबंध चॅटजीपीटी लिहून देतं. त्यावर खूप आरडाओरडा चालू आहे. मला त्याचा फारसा धक्का बसला नाही. गाइडमधला पावसाळा मुलं पिढ्यान्‌पिढ्या उतरवत आली आहेत आणि आपण त्याला लेखन म्हणून गुण देत आलो आहोत. पूर्वी निदान हात तरी दुखायचा. आमच्याकडे आषाढात भाताची लावणी असते, वर्गातली अर्धी मुलं गुडघाभर चिखलात उभी असतात आणि सोमवारी वहीत लिहून आणतात, ‘सृष्टी हिरवा शालू नेसते’. हा शालू गाइडनेही नेसवला आणि आता यंत्रही नेसवतं. त्यांतल्याच एका मुलीला समोर बसवून विचारलं, की रोपं उपटताना पाठ कशी धरते, जळू कशी लागते, हे सगळं ती सांगते. ते कागदावर येत नाही, कारण आपण तपासतो ते फक्त शेवटचं, स्वच्छ पान.

म्हणून माझ्या मागण्या दोनच आहेत.

सातवीपासून आठवड्याला एक तास मराठी टंकलेखनाला द्या, तोही इन्स्क्रिप्ट पद्धतीने, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या प्रमाण कळरचनेने. ही सोय विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आधीपासूनच असते, वेगळे पैसे पडत नाहीत. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि ‘ळ’ची जागा ठरलेली, शिफ्ट धरून ‘ल’ची कळ दाबायची. शासनाला लिपिक-टंकलेखक हवा असतो तेव्हा मराठीचा मिनिटाला ३० शब्दांचा (किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा) दाखला मागितला जातो. तो मिळवायला बारावीनंतर मुलं पदरचे पैसे भरून टायपिंग क्लासला जातात. जे कौशल्य शासनालाच लागतं ते शासनाच्या शाळेत का शिकवत नाहीत, याचं उत्तर मला पालकांना देता येत नाही. संगणकांची खोली आमच्याकडे आहे. तिची किल्ली कुणाकडे असते, हा वेगळा विषय.

दुसरी मागणी गुणांची. दहावीला भाषेचे ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत असतात. त्या २० पैकी निदान १० गुण एकाच लेखाच्या तीन खर्ड्यांना द्या. पहिला वर्गात, हाताने, मोबाइल दप्तरात ठेवून. दुसरा शिक्षकांशी बोलून खाडाखोड केलेला. तिसरा टाइप केलेला. तिसऱ्या वेळी यंत्राची मदत घेतली तरी माझी हरकत नाही, पहिले दोन शेजारी असतील तर काय बदललं ते मुलालाही दिसेल आणि मलाही. एका वर्गात साठ मुलं असताना हे तपासायचं कसं, असं आपले अधिकारी विचारतील. रास्त प्रश्न आहे. त्यासाठी आमच्याकडची अशैक्षणिक कामं आणि ऑनलाइन माहिती भरणं कमी करावं लागेल.

पुढच्या वर्षाच्या मूल्यमापनाच्या सूचना निघण्याआधी यावर निर्णय व्हावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
दहावीला मराठी शिकवणारी एक शिक्षिका